संपाच्या दिवशी विमान : धाराशिवहून निघणाऱ्याने आधी काय पाहावे

५ डिसेंबर २०२५, महापरिनिर्वाण दिनाची आदली संध्याकाळ. चैत्यभूमीकडे निघालेले आपले बहुतेक लोक रेल्वेत होते, नेहमीप्रमाणे डबे खचाखच. पण दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद इथे नोकरीला असलेले काही तरुण यंदा विमानाने मुंबई गाठणार होते. ते विमानतळावरच बसून राहिले. त्या एका दिवसात इंडिगोची हजाराहून जास्त उड्डाणे रद्द झाली. दिल्लीतून सुटणारी या कंपनीची देशांतर्गत विमाने मध्यरात्रीपर्यंत पूर्ण बंद होती. पुण्यात तर क्रू नाही म्हणून जागेवरच उभ्या राहिलेल्या विमानांनी पार्किंग अडवले आणि दुसऱ्या कंपन्यांची विमाने उतरवायलाही अडचण झाली.

त्या दिवशी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाक्य फिरत होते : "पायलट संपावर गेलेत." ते खरे नव्हते. पायलटांना जास्त विश्रांती मिळावी म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, नवे नियम आणले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि १ नोव्हेंबरपासून रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा आली. नियम येणार हे कंपनीला बरेच आधीपासून माहीत होते. पुरेसे पायलट तयार ठेवले नाहीत, वेळापत्रक मात्र तेवढेच ठेवले. कोणत्याही कामगाराने काम थांबवले नव्हते. कमी माणसांत जास्त काम करून घेण्याचा हिशेब कोलमडला होता.

संप म्हणा किंवा नियोजनाचा गोंधळ म्हणा, प्रवासी अडकला तो अडकलाच, असे कोणी म्हणेल. पण या एका शब्दावर ५ ते १० हजार रुपये अवलंबून आहेत. म्हणून या लेखाची सुरुवात तिथूनच करतो.

नियम काय म्हणतो

विमान रद्द झाले, उशिरा सुटले किंवा तिकीट असून बसू दिले नाही, तर प्रवाशाला काय द्यायचे याचा डीजीसीएचा नियम आहे. तो सर्व भारतीय कंपन्यांना लागू आहे. विमान रद्द होणार असेल तर कंपनीने दोन आठवडे आधी सांगावे आणि दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातला पर्याय द्यावा. त्यापेक्षा उशिरा, पण निदान २४ तास आधी सांगितले तरी प्रवाशाला पटेल असे दुसरे विमान किंवा परतावा द्यावाच लागतो. वेळेत सांगितलेच नाही तर त्यावर भरपाई येते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये. मूळ भाडे व इंधन शुल्क मिळून होणारी रक्कम यापेक्षा कमी असेल तर ती कमी रक्कम मिळते.

याच नियमात एक अपवाद आहे. कारण कंपनीच्या हाताबाहेरचे असेल तर भरपाई द्यावी लागत नाही. पूर, दंगल, राजकीय अस्थिरता, सरकारी आदेश या यादीत "संप आणि कामगार विवाद" हेही शब्द आहेत. म्हणजे काउंटरवरच्या माणसाने "स्ट्राइक आहे" असे म्हटले आणि आपण मान डोलावली की भरपाईवरचा हक्क आपणच सैल केला. डिसेंबर २०२५ मध्ये संप नव्हता. म्हणून पुढे कंपनीला ऐनवेळी रद्द झालेल्या उड्डाणांसाठी नियमाप्रमाणे ५ ते १० हजारांची भरपाई जाहीर करावी लागली. ३ ते ५ डिसेंबर या दिवसांत जास्त हाल झालेल्या प्रवाशांना १० हजारांची व्हाउचर देण्याचीही घोषणा झाली. "पायलटांचा संप" असा मेसेज पुढे ढकलणारे नकळत कंपनीची बाजू मांडत होते, आणि वर कामगारांना बदनाम करत होते.

खरोखर संप असला तरी सगळेच हक्क जात नाहीत, हे नीट लक्षात घ्या. भरपाई जाते, परतावा जात नाही. कारण काहीही असो, कंपनीने उड्डाण रद्द केले तर पूर्ण पैसे परत किंवा दुसरे विमान, ही निवड तुमची. पैसे रोख न देता "क्रेडिट शेल"मध्ये, म्हणजे त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटासाठी जमा ठेवायचे की नाही, हेही प्रवाशानेच ठरवायचे असते. कंपनीने परस्पर तसे करणे नियमात बसत नाही. क्रेडिट कार्डवरचे पैसे सात दिवसांत परत यायला हवेत. एजंटकडून तिकीट काढले असेल तरी परताव्याची जबाबदारी शेवटी विमान कंपनीचीच, कारण एजंट हा तिचाच प्रतिनिधी.

दोन-तीन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणेपिणे द्यावे लागते (किती तासांनंतर, हे उड्डाण किती लांबचे त्यावर ठरते). २४ तासांहून जास्त उशीर, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेत सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर झाला तर हॉटेलही. कारण हाताबाहेरचे असेल तर या सोयींची सक्तीही सैल होते. तरी मागावे. बऱ्याचदा देतात. न मागणाऱ्याला कोणी विचारत नाही.

आता आपल्याकडची एक खास अडचण. तालुक्याच्या ठिकाणी तिकीट बहुतेक वेळा नेट कॅफेत किंवा ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे काढले जाते. तो घाईत स्वतःचाच मोबाईल नंबर आणि ई-मेल टाकतो. विमान रद्द झाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर जातो आणि तुम्ही मध्यरात्री पुण्याच्या वाटेवर असता. डीजीसीएच्या नियमात स्पष्ट आहे की ज्याने संपर्काची पुरेशी माहिती दिलेली नाही त्याला भरपाई नाही. तिकीट हातात पडल्यावर पहिली गोष्ट तपासायची ती ही : त्यावर नंबर कोणाचा आहे?

नोटीस देऊन होणारा आणि न देता होणारा

विमान कर्मचाऱ्यांचे संप भारतात वारंवार होत नाहीत, पण झाले तेव्हा मोठे झाले. दिल्ली आणि मुंबई विमानतळांच्या खासगीकरणाविरुद्ध फेब्रुवारी २००६ मध्ये विमानतळ प्राधिकरणाचे कर्मचारी काही दिवस संपावर होते. एअर इंडियाच्या पायलटांचा २०१२ चा संप मे महिन्यात सुरू झाला आणि जुलैच्या सुरुवातीपर्यंत, जवळपास दोन महिने चालला. लांब पल्ल्याची आंतरराष्ट्रीय उड्डाणे त्यात विस्कळीत झाली. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूने वेगळा मार्ग घेतला. मोठ्या संख्येने एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली. दोन-तीन दिवस उड्डाणे रद्द होत राहिली. कंपनीने २५ जणांना कामावरून काढले आणि मुख्य कामगार आयुक्तांसमोर तडजोड झाल्यावर परत घेतले.

कायद्याने संपाची नोटीस द्यावी लागते. प्रवासी हवाई वाहतूक जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात "सार्वजनिक उपयोगी सेवा" होती, त्यामुळे तिथे आधीपासूनच नोटिशीचे बंधन होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने १४ दिवसांच्या नोटिशीचे हे बंधन सगळ्याच आस्थापनांवर घातले आहे. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा घेतली तरी तो संपच धरला जातो. कामगार संघटनांचा या संहितेला विरोध आहे, आणि त्याला कारणे आहेत. पण प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की मोठा संप अचानक येत नाही. दोन आठवडे आधी त्याची बातमी असते. अचानक येते ती सामूहिक आजारपणाची रजा, किंवा कंपनीचा स्वतःचा गोंधळ.

देशव्यापी संपाचे गणित आणखी वेगळे. ९ जुलै २०२५ रोजी दहा केंद्रीय कामगार संघटनांनी कामगार संहितांविरुद्ध संप पुकारला. बँका, विमा, कोळसा, टपाल या क्षेत्रांत त्याचा परिणाम झाला, काही राज्यांत रस्ते आणि रेल्वे अडवली गेली. विमाने मात्र जवळपास नेहमीसारखी उडाली. आणि धाराशिवच्या माणसाची खरी अडचण इथेच आहे. विमान उडते, आपण पोहोचत नाही.

अडीचशे किलोमीटरचा प्रश्न

धाराशिवला धावपट्टी आहे, पण तिथून नियमित प्रवासी विमान नाही. लातूरचीही तीच गत. सुमारे ७० किलोमीटरवरच्या सोलापूरहून जून २०२५ मध्ये गोव्याची आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, हा मोठा आधार. पण लहान विमानतळावर मोजकीच उड्डाणे असतात. तिथे एक फेरी रद्द झाली की "दुसरे विमान" म्हणजे बहुधा दुसरा दिवस. परदेशी जाणाऱ्यांना पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावेच लागते. पुणे अडीचशे किलोमीटरच्या आसपास.

या रस्त्यावर काही अडले आणि तुम्ही वेळेत पोहोचला नाहीत, तर विमान कंपनीच्या लेखी तुम्ही "नो-शो". तुमच्यासाठी विमान रद्द झालेलेच नाही. परतावा मिळतो तो फक्त सरकारी कर आणि विमानतळाच्या शुल्काचा. ती रक्कमही मागावी लागते, बरेच लोक मागतच नाहीत. म्हणून रस्ता बंद असल्याचे कळताच, विमान सुटण्याच्या आधी, कंपनीला फोन करून किंवा अ‍ॅपवरून तारीख बदलून घ्यावी. शुल्क लागेल, पण सगळे तिकीट बुडण्यापेक्षा ते बरे. मोठ्या बंदच्या दिवशी कंपन्या कधीकधी तारीख फुकट बदलून देतात, पण त्यासाठी तुम्ही सुटण्याच्या वेळेआधी संपर्क केलेला असावा लागतो.

एसटीचा संप आपल्या जिल्ह्याने चांगलाच अनुभवला आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस राज्य सरकारमध्ये विलीनीकरणाच्या मागणीसाठी सुरू झालेले आंदोलन उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ ची मुदत दिल्यावरच थांबले. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा, सगळ्या आगारांत लालपरी उभी. सहा महिने ग्रामीण विद्यार्थी कॉलेजला कसे गेले हे ज्याचे त्याला माहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये गणपतीच्या तोंडावर पुन्हा संप झाला, तो मूळ वेतनात साडेसहा हजारांची वाढ मिळाल्यावर दोन दिवसांत मिटला. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षण आंदोलनात जिल्ह्यात जमावबंदी-संचारबंदी लागली आणि बस थांबल्या. म्हणजे चार वर्षांत तीन वेळा. ही शक्यता दूरची नाही.

उपाय साधा आहे, थोडा खर्चिक आहे : एक रात्र आधी निघणे. लातूर किंवा बिदरहून सुटणारी मुंबई एक्सप्रेस रात्री धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडीमार्गे जाते आणि पहाटे पुण्यात असते. १९७४ नंतर रेल्वेचा देशव्यापी संप झालेला नाही. रेल रोको होतो, पण तो काही तासांचा. एसटी बंद पडली की या गाडीचे आरक्षण लगेच संपते, म्हणून संपाची नोटीस पेपरात दिसली त्याच दिवशी तिकीट काढून ठेवा, नंतर रद्द करता येते. सोलापूरला पोहोचता आले तर तिथून पुणे-मुंबईला गाड्या भरपूर, वंदे भारतही आहे.

उमरगा, मुरूम, लोहारा भागातल्या मुलांनी पुण्याचा हट्ट सोडावा. हैदराबाद त्यांना पुण्यापेक्षा जवळ आहे, तिथून परदेशी उड्डाणेही जास्त. शिवाय बंद महाराष्ट्रापुरता असेल तर सीमा ओलांडल्यावर रस्ता मोकळा असतो. देशव्यापी संपात हा फायदा नाही. सीमेवरच गाड्या अडवल्या गेल्या तर तोही नाही, २०२३ ला उमरगा तालुक्यात तसा प्रसंग आला होता.

चार-पाच जण मिळून जीप करणे हा आपला जुना मार्ग. संपाच्या दिवशी खासगी गाड्यांचे दर दुप्पट-तिप्पट होतात, म्हणून भाडे आदल्या दिवशीच ठरवून घ्यावे. पुण्यात रात्र काढायला हॉटेलच पाहिजे असे नाही. आपल्या जिल्ह्यातली शेकडो मुले तिथे शिकतात, वसतिगृहात किंवा खोली करून राहतात. एक फोन केला की जागा होते.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी

विमान चुकल्याने सगळ्यात जास्त नुकसान होते ते पहिल्यांदा देशाबाहेर निघालेल्या विद्यार्थ्याचे. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीतून अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातले ७५ विद्यार्थी दरवर्षी बाहेर जातात. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप वेगळी. घरात विमानात बसलेला कोणी नाही, सल्ला द्यायला कोणी नाही, विद्यापीठात हजर होण्याची तारीख ठरलेली. एका दिवसाचा गोंधळ म्हणजे त्याला सगळे संपल्यासारखे वाटते. तसे नसते. संपामुळे विमान रद्द झाल्याचा ई-मेल जोडून विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला त्याच रात्री कळवले, तर काही दिवसांचा उशीर सहसा मान्य होतो. न कळवता उशिरा पोहोचणाऱ्याला मात्र त्रास होतो. व्हिसावरची प्रवेशाची तारीख आणि मुदत तेवढी पाहून घ्यावी.

स्वस्त पडते म्हणून आपली मुले पुणे–दिल्ली एका कंपनीचे आणि दिल्ली–फ्रँकफर्ट दुसऱ्या कंपनीचे, अशी दोन वेगळी तिकिटे काढतात. पहिले विमान रद्द झाले तर दुसरी कंपनी म्हणणार, आमचे विमान वेळेवर होते, तुम्ही आला नाहीत. पहिली म्हणणार, आमचे तिकीट दिल्लीपर्यंतच होते, हे घ्या त्याचे पैसे. दोघेही नियमात बसतात आणि ५०-६० हजारांचे तिकीट बुडते. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर शेवटच्या ठिकाणी पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. तीन-चार हजार जास्त गेले तरी चालतील. वेगळी तिकिटे घेणे भागच असेल तर मध्ये एक पूर्ण रात्र ठेवा.

युरोपात संप ही नेहमीची गोष्ट आहे, त्याचे तिथे कोणाला आश्चर्य वाटत नाही. १० मार्च २०२५ रोजी जर्मनीत 'वेर्दी' या कामगार संघटनेच्या संपात फ्रँकफर्ट, म्युनिकसह १३ विमानतळ अडले आणि ३,४०० च्या आसपास उड्डाणे रद्द झाली. हॅम्बुर्गला तर एक दिवस आधीच, पूर्वसूचनेशिवाय काम थांबले. २८ फेब्रुवारी २०२५ ला ग्रीसमध्ये रेल्वे अपघाताच्या दुसऱ्या स्मृतिदिनी सार्वत्रिक संप होता, हवाई नियंत्रकही सामील झाले, विमाने थांबली. बेल्जियममध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन दिवसांचा राष्ट्रीय संप झाला आणि त्याच्या शेवटच्या दिवशी, २६ तारखेला, ब्रसेल्सहून एकही प्रवासी विमान सुटले नाही. इटलीत एक वेगळी पद्धत आहे. संपाच्या दिवशीही सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेतली उड्डाणे संरक्षित असतात.

तिथला प्रवाशांचा कायदा आपल्यापेक्षा बराच कडक आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमानुसार लांबच्या उड्डाणाला ६०० युरोपर्यंत भरपाई मिळते. आणि संप कोणाचा, यावर तिथे फरक केला जातो. हवाई नियंत्रक किंवा विमानतळाच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांचा संप असेल तर कंपनीच्या हाताबाहेर, भरपाई नाही. पण कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संप असेल तर भरपाई द्यावी लागते, असे युरोपीय न्यायालयाने २०१८ आणि २०२१ च्या निकालांत सांगितले. न्यायालयाचा तर्क सरळ आहे : स्वतःच्या कामगारांशी पगारावरून वाद होणे हा धंदा चालवण्याचाच भाग, त्याला आकस्मिक संकट म्हणता येत नाही. आपल्या डीजीसीएच्या नियमात हा भेद इतका स्पष्ट नाही. तो यायला हवा. आज कंपनी कामगारांशी कशीही वागली, संप झाला की प्रवाशाच्या भरपाईतून ती सुटते.

हा युरोपचा नियम युरोपातून सुटणाऱ्या प्रत्येक विमानाला लागू आहे, मग कंपनी भारतीय असली तरी. भारतातून युरोपला जाताना मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. खाणे, हॉटेल आणि दुसऱ्या मार्गाने पोहोचवणे हे तिथे संपाचे कारण कोणतेही असो मिळते. दुसरा मार्ग स्वीकारण्याआधी एक विचारा : मधल्या देशात ट्रान्झिट व्हिसा लागतो का? काउंटरवरचा माणूस घाईत हे पाहीलच असे नाही.

प्रवास विमा तिकिटाबरोबरच घ्यावा. संप जाहीर झाल्यावर घेतलेल्या पॉलिसीत तो संप सहसा धरला जात नाही. शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांनी तिकीट आणि बोर्डिंग पास दोन्ही जपून ठेवावेत, रद्द झालेल्याचेही. विमानभाड्याचा हिशेब समाजकल्याण आयुक्तालयाला कागदावर दाखवावा लागतो.

लुंबिनीला जाणाऱ्या उपासकांसाठीही एक शब्द. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळमधल्या तरुणांच्या आंदोलनात काठमांडूचा विमानतळ ९ तारखेला बंद झाला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडला. पन्नास जणांचा जथा नेणाऱ्या आयोजकाने परतीचे तिकीट आणि परतीच्या दिवसाची औषधे यात दोन दिवसांची सवड ठेवलीच पाहिजे. वृद्ध माणसांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या मोजून नेलेल्या असतात.

संप करणारा आणि अडकलेला

अडकलेल्या माणसाला राग येतो, तो साहजिक आहे. पण तो कोणावर काढायचा? ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांवर केबिन क्रूने संप केला तो प्रामुख्याने एका प्रश्नावर : विमान जमिनीवर असताना, प्रवासी चढवताना-उतरवताना केलेल्या कामाचे पैसे का मिळत नाहीत? सरकारने कामावर परतण्याचा आदेश दिला, संघटनेने तो मानला नाही, आणि तीन-चार दिवसांत तडजोड झाली. आपल्याकडे विमानतळावर सामान उचलणारे, सफाई करणारे, ट्रॉल्या ढकलणारे बरेचसे कंत्राटी. जुलै २०२४ मध्ये मुंबईत कलिनाला अशाच लोडरच्या कामासाठी राज्यभरातून हजारो तरुण आले आणि चेंगराचेंगरी व्हायची वेळ आली. त्या गर्दीत आपली मुले होती.

१९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक विवाद विधेयक आणले तेव्हा बाबासाहेबांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. काम नाकारणे हा फार तर कराराचा भंग, गुन्हा नव्हे, आणि त्याला शिक्षा ठेवणे म्हणजे माणसाला इच्छेविरुद्ध राबवणे, ही त्यांची मांडणी होती. ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. पण त्यांचा पाठिंबा डोळे झाकून नव्हता. त्याआधी १९२९ च्या गिरणी संपाला त्यांनी विरोध केला होता. अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेतले जात नव्हते, तो प्रश्न संघटना हाती घेत नव्हत्या. संप कशासाठी आणि त्यात सगळ्यात खालच्या कामगाराचे काय, हे ते विचारत.

आणखी एक गोष्ट आपण स्वतःलाच विचारली पाहिजे. संपात कामगार स्वतःचे काम थांबवतो, बंदमध्ये दुसऱ्याचे थांबवले जाते. केरळ उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सक्तीचा बंद घटनाबाह्य ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. भीमा कोरेगावनंतरचा ३ जानेवारी २०१८ चा महाराष्ट्र बंद, अ‍ॅट्रॉसिटी कायद्यासाठीचा २ एप्रिल २०१८ चा भारत बंद, उपवर्गीकरणाविरुद्धचा २१ ऑगस्ट २०२४ चा बंद, यांत आपण रस्त्यावर होतो. मागण्या रास्त होत्या. ३ जानेवारीला मुंबईत महामार्ग आणि लोकल अडल्या तेव्हा विमाने उशिरा सुटली, कारण कर्मचारी आणि प्रवासी विमानतळावर पोहोचू शकत नव्हते. त्यांत परीक्षेला, मुलाखतीला निघालेला आपला मुलगाही असू शकतो. बंदचे आवाहन छापतानाच त्यात एक ओळ घालता येते : रुग्णवाहिका, परीक्षार्थी आणि विमान-रेल्वेचे तिकीट दाखवणाऱ्यास वाट द्यावी. चौकात उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला मग वाद घालावा लागत नाही.

तक्रार धाराशिवमध्येच

विमानतळावर भांडून फारसे हाती लागत नाही, कागद लागतात. रद्द झाल्याचा एसएमएस, बोर्डावरचा फोटो, खाण्याची-हॉटेलची बिले ठेवा. आणि काउंटरवर शांतपणे एवढेच म्हणा : "रद्द का झाले ते कारण मेलवर लिहून द्या." मराठीत म्हणा, हिंदीत म्हणा, इंग्रजीच पाहिजे असे नाही. लेखी कारण मिळाले की संप होता की नियोजनाचा गोंधळ, हे नंतर बदलता येत नाही.

आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार, मग तिच्या अपील अधिकाऱ्याकडे. बरोबरीने केंद्र सरकारच्या 'एअरसेवा' अ‍ॅपवर. तरी उत्तर नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. आणि शेवटी ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला असले तरी खटला धाराशिवला चालतो, यायचे त्यांनी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, 'ई-जागृती' पोर्टलवरून घरबसल्या अर्ज दाखल होतो. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. डिसेंबर २०२५ मध्ये अडकलेल्या ज्यांना अजून काही मिळालेले नाही, त्यांची ती मुदत डिसेंबर २०२७ मध्ये संपते.